मुक्कामी गाडी आणि अर्धा सिनेमा

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यात एकच इंग्रजी सिनेमा पाहिला आणि तोही अर्धा. निदान आम्हाला लहानपणापासून तसं सांगण्यात आलं होतं. मी तेव्हा चार वर्षांची होते. अण्णा साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात क्लार्क. कसल्याशा कामाला कोल्हापूरला गेले होते आणि तिथल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये हौशी मंडळी विलायतेचा जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा दाखवत होती. कोणी ओळखीचा भेटला, त्याच्याकडे जादा पास होता, अण्णा आत जाऊन बसले. सिनेमा एका गरीब घरच्या कारकुनाचा. हा पोरगा मोठ्या लोकांसारखं चालायला, बोलायला, जेवायला शिकतो आणि एकेक पायरी चढत बड्या साहेबाचा जावई होतो. गोष्ट इथपर्यंत आली की अण्णा हात झटकायचे.

"तेवढ्यात माझ्या गाडीची येळ झाली."

गाडी म्हणजे आमच्या गावाला मुक्कामी जाणारी शेवटची एसटी. "मग पुढं काय झालं?" मी आणि धाकटा भाऊ विचारायचो.

"पुढं काय हुणार? मोठा माणूस झाला. झोपा आता."

हा अर्धा सिनेमा आमच्या घरात पाठ्यपुस्तकासारखा चालला. भाऊ अभ्यासाच्या नावानं पहिल्यापासून बोंबलत होता, त्यामुळे सगळा भार माझ्यावर आला. त्या कारकुनाने बुटांच्या पुढच्या बाजूइतकीच मागची टाचही चमकवली होती, म्हणून माझ्या शाळेच्या बुटांची टाच रोज तपासली जायची. तो चारचौघांत सगळ्यांचं ऐकून मग शेवटी बोलायचा, म्हणून मी पाहुण्यांसमोर मध्येच तोंड उघडलं की अण्णा खाकरायचे. कोल्हापुरातून त्यांनी एक काटा आणि एक सुरी आणली होती, आणि दर रविवारी मी काट्या-सुरीने थालीपीठ खायचे. थालीपीठ काट्याने खाऊन बघा एकदा. सुरी लावली की भुगा होतो, आणि तो भुगा काट्यावर चढत नाही. आई तोंडाला पदर लावून हसायची आणि आजूबाजूच्या बायका खिडकीतून बघून जायच्या.

चहाचा नियम सगळ्यात कडक होता. बशीत ओतायचा नाही, फुंकर मारायची नाही, फुर्रर्र आवाज करायचा नाही. हे सगळं अण्णा मला स्वतः बशीतून फुर्रर्र करत चहा पिता पिता सांगायचे. "तुम्ही का पिता मग?" असं मी विचारलं तर म्हणायचे, "मला कुठं चढायचं हाय?"

मी चढले. डॉक्टर झाले, पुण्याच्या मुलाशी लग्न केलं, आणि फिरत फिरत आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या मोठ्या हॉस्पिटलात येऊन पडले. इथे पहिल्यांदा सिनियर कन्सल्टंटच्या घरी जेवायला गेलो तेव्हा टेबलावर तीन प्रकारचे काटे होते आणि माझा हात सरळ बरोबर काट्याकडे गेला. नवरा चकित झाला. त्याला वाटायचं की इंग्रजी रीतभात ही त्याच्या सदाशिव पेठेची मक्तेदारी. "कुठे शिकलीस?" त्याने परत येताना विचारलं. मी म्हटलं, थालीपिठावर.

अण्णा मात्र माझ्या चढण्याच्या कुठल्याच फोटोत नाहीत. मी मेडिकलला असताना ते लाडूंचा डबा घेऊन यायचे आणि हॉस्टेलच्या गेटवर वॉचमनकडे देऊन परत फिरायचे. पदवीदानाच्या दिवशी हॉलच्या शेवटच्या रांगेत बसले होते. बाहेर फोटो काढायची वेळ आली तेव्हा गायब. आई म्हणाली, "गाडी बघायला गेलेत." आमचे अण्णा कायम कुठलीतरी गाडी बघायला गेलेले असायचे. बुजरा माणूस आहे, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो.

आई गेल्यावर ते एकटे पडले. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मी त्यांना भांडून भांडून तीन महिन्यांसाठी वॉटरफोर्डला आणलं, आणि मार्चमध्ये जगाला कुलूप लागलं. आधी विमानं थांबली. विमानं सुरू झाली तर गावाकडे साथ वाढली. तिकडे कमी झाली तर इकडे वाढली. तीन महिन्यांचा पाहुणा दीड वर्ष राहिला.

लेकीच्या घरी इतकं राहणं त्यांच्या जिवावर आलं होतं. आमच्याकडे जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीही पीत नसत, आणि हे तर तिन्ही त्रिकाळ जेवत होते. त्याची भरपाई म्हणून ते काम शोधत हिंडायचे. कपडे इथे बॉयलरच्या कपाटात वाळत घालतात. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, म्हणून हा हॉट प्रेस. अण्णांनी त्या हॉट प्रेसचा ताबा घेतला. सकाळी आपली माकडटोपी तिथे तापवून मगच डोक्यावर चढवायचे. वॉटरफोर्डला ब्ला नावाचा एक मऊ, पिठाळ पाव मिळतो. तो त्यांना फार आवडला. "ह्यो आपल्या बेकरीतल्या पावाचा भाऊ हाय," म्हणून चहात बुडवून खायचे. माझी सात वर्षांची मुलगी त्यांना शिकवायची आणि ते तिला. ती मराठी समजते, पण उत्तर अस्सल वॉटरफोर्डच्या इंग्रजीत देते. अण्णा कोल्हापुरीत विचारणार, "चष्मा कुटं गेला गं माझा?" आणि ती सांगणार, "इट्स इन द प्रेस, आजोबा." दोघांचं बिनबोभाट चालायचं. मीच मध्ये दुभाषी म्हणून गेले की घोटाळा व्हायचा.

पहिल्या उन्हाळ्यात निर्बंध जरा सैल झाले आणि बागेत पाहुणे बोलवायची मुभा मिळाली. माझे सिनियर कन्सल्टंट आणि त्यांची बायको रविवारी दुपारी आले. साहेब म्हणजे उंचेपुरे, पांढऱ्या भुवयांचे, दर वाक्यात एकदा "ग्रँड" म्हणणारे. हॉस्पिटलच्या त्या भयंकर महिन्यांत त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं, तेव्हा त्यांना एकदा नीट चहा पाजावा अशी माझी फार इच्छा होती. मी शंकरपाळे तळले, खुर्च्या लांब लांब मांडल्या. अण्णांसाठीही एक मांडली. पण गेट वाजलं आणि अण्णा उठले, शेडमधून दाताळं काढलं आणि बागेच्या पार टोकाला जाऊन आदल्या दिवशी कापलेलं गवत गोळा करायला लागले. आमच्याकडे पाठ करून.

"अण्णा, या की इकडे," मी हाक मारली. त्यांनी ऐकलं नाही. साहेबांनी हात हलवला. अण्णांनी टोपीला हात लावला, मान खाली घातली आणि परत गवत ओढायला लागले. गवत तसं दोन पाट्याही नव्हतं. तेच इकडून तिकडे आणि तिकडून इकडे चाललं होतं. पाहुणे गेले तसे ते आले, त्यांनी उरलेले शंकरपाळे खाल्ले आणि म्हणाले, "माणसं चांगली वाटली."

त्या उन्हाळ्यात दोन-तीनदा असंच झालं. नवरा म्हणाला, "त्यांना इंग्रजीची भीती वाटत असेल." मी म्हटलं, त्यांना लेकीच्या घरी बसून खायची लाज वाटते. आम्ही दोघं शहाणे होतो, त्यामुळे विषय तिथेच संपला.

मग हिवाळा आला, आणि तो हिवाळा काढणं फार जड गेलं. पुन्हा सगळं बंद, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, आणि वॉर्ड भरलेले. जानेवारीत एका मोठ्या ड्युटीनंतर मला सुट्टी मिळाली. बाहेर आडवा पाऊस. नवरा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, मुलगी तिथेच ऑनलाइन शाळेत. मी आणि अण्णा खाली सोफ्यावर एका पांघरुणात पाय घालून बसलो होतो. दुपारच्या वेळी टीव्हीवर कुठल्या ना कुठल्या चॅनलला जुने सिनेमे असतात. मी नुसती बटणं दाबत होते.

"थांब," अण्णा म्हणाले.

पडद्यावर एक तरुण जिन्याच्या पायरीवर बसून बूट पुसत होता. पुढून पुसला, मग बूट उलटा करून टाच पुसायला लागला.

"ह्योच त्यो," अण्णा म्हणाले.

ज्याच्यापायी मी लहानपणभर थालीपिठाचा भुगा खाल्ला तो माणूस माझ्या समोर होता, आणि दिसायला अगदीच सामान्य होता. अण्णा पुढे सरकून बसले. सगळं आलं. आरशासमोर बोलण्याचा सराव आला, सूप पिताना चमचा आपल्यापासून दूर न्यायचा तेही आलं. अण्णा हळूच माझ्याकडे बघायचे, की पटतंय ना, मी खोटं सांगत नव्हतो. मला हसू येत होतं आणि आईची आठवणही येत होती. स्वयंपाकघरातला कंदिलाचा उजेड, लाइट गेल्यावर अण्णांनी सांगितलेला हा सिनेमा, आणि आम्ही दोघं भावंडं एका वाकळेत. इतक्या वर्षांनी तो सिनेमा चालू होता, आणि पांघरुणात अण्णांचे पाय तसेच गार होते.

पण बघता बघता मला काहीतरी खटकायला लागलं. सिनेमा त्या पोराचं कौतुक करत नव्हता, त्याची चेष्टा करत होता. त्याच्या प्रत्येक शहाणपणावर कॅमेरा गालातल्या गालात हसत होता. निम्मं इंग्रजी कळणाऱ्या आणि मध्येच गाडी पकडायला उठलेल्या माणसाला ते कसं समजणार? अण्णांनी ती टिंगल खरी धरली आणि तिच्यावर एक मुलगी वाढवली.

मी हळूच मोबाइल काढून शोधलं. शेवट काय आहे ते दोन ओळींत दिलं होतं. तो पोरगा साहेबाचा जावई झाल्यावर मोठ्या बंगल्याच्या हिरवळीवर मेजवानी देतो, तिथे त्याचा गावाकडचा बाप येतो, आणि पोरगा त्याला ओळख दाखवत नाही.

मी मोबाइल पालथा घातला. बहात्तरीचा माझा बाप, ज्याने उभ्या जन्मात हा एकच सिनेमा डोक्यावर घेतला, तो आता माझ्या सोफ्यावर बसून तो शेवट बघणार होता. सगळ्यांत सुखाचा भाग संपायला आला होता. मला तेवढं एक टाळायचं होतं.

"अण्णा, भावाला फोन करायचा राहिला आज."

"करू की मग."

"चहा टाकू?"

"टाक. पण तिथनं सिनेमा दिसतोय न्हवं तुला?"

"पाऊस थांबलाय. पाय मोकळे करून येऊ."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. पाऊस धो धो कोसळत होता. मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बस. आता म्हातारा येतोय. डोक्यावर नवी हॅट, हातात पेरांची टोपली."

मी टीव्हीकडे पाहिलं. लोखंडी गेटातून एक म्हातारा आत येत होता. डोक्यावर नवी हॅट, हातात पेरांची टोपली.

म्हातारा हिरवळीवरून चालत आला. एका बाईने विचारलं, हे कोण? पोरगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, माळी असेल. म्हाताऱ्याने ऐकलं. टोपली हळूच झाडामागे ठेवली, हॅट काढून तिच्यावर झाकली, आणि बाजूला टेकवलेलं दाताळं उचललं. मग पाहुण्यांकडे पाठ करून तो पाला गोळा करायला लागला. लेकाचा शब्द खोटा पडू नये म्हणून. मेजवानी चालू राहिली आणि सिनेमा संपला.

मला बागेतलं ते दोन पाट्या गवत दिसत होतं. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"गाडीला अजून अर्धा तास हुता," अण्णा म्हणाले. "मी शेवटपर्यंत बसलो हुतो."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुला शेवट सांगितला असता तर तू चढलीच नसतीस. बापाला सोडून कुटं जाणार न्हाई म्हणून बसली असतीस घरात. तशी हुतीसच तू." त्यांनी टीव्ही बंद केला. "हॉलमधली समदी लोकं त्या म्हाताऱ्याला हसली गं. मी बी हसलो. मग गाडीत बसलो आणि रडाय आलं. कंडक्टरनं इचारलं, कोण गेलं का?"

"अण्णा..."

"मला त्यो पोरगा कधीच आवडला न्हाई. म्हातारा आवडला. लई तयारीचा माणूस. तवाच ठरीवलं, पोरगीला पोराचं शिकवायचं आन् आपण म्हाताऱ्याचं शिकायचं."

मला राग आला. खरोखरच, तळपायापासून मस्तकापर्यंत राग आला. हॉस्टेलचं गेट, पदवीदान, रिकाम्या खुर्च्या, सगळ्याचा एकदम आला. मी ओरडलेच. "मी कधी तुम्हाला माळी म्हटलं? एकदा तरी म्हटलं?"

"न्हाई म्हटलं," अण्णा म्हणाले. "तुझ्यावर तशी पाळी येऊ नये म्हणून तर मीच आधी दाताळं घेतलं."

ते इतकं सरळ बोलले की मला रडूच फुटलं. ड्युटीचा शीण होता, त्या महिन्यांत गेलेली माणसं होती, आणि हे होतं. अण्णांनी पांघरूण माझ्या खांद्यावर ओढलं. वरून मुलीने जिन्यात येऊन विचारलं, व्हॉट्स रॉंग विथ मम्मी? अण्णा म्हणाले, "काय न्हाई बाळ, सिनेमा बघून रडती." ती "अच्छा" म्हणून परत गेली. तिला बोलता येणारे दोन-तीन मराठी-हिंदी शब्द ती अशा वेळी बरोबर वापरते.

त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही. अण्णा पुन्हा हॉट प्रेसमध्ये टोप्या तापवायला लागले, मी वॉर्डात गेले. पण माझ्या मनात तो टोचत राहिला. माणसाने पस्तीस वर्षं एका गोष्टीची तयारी करायची, आणि ती गोष्ट कधी घडलीच नाही तरी तयारी सोडायची नाही, याला काय म्हणायचं? नवऱ्याला सांगितलं तर तो उठून भांडी घासायला लागला. पुणेकराने मत दिलं नाही म्हणजे बघा.

उन्हाळा आला, अण्णांची लस झाली, आणि परतीचं तिकीट निघालं. जायच्या आधी मी साहेबांना पुन्हा चहाला बोलावलं. या वेळी त्यांची बायको बहिणीकडे गेली होती, ते एकटेच आले. सकाळी मी शेडला कुलूप लावलं आणि किल्ली चोळीत, म्हणजे आताच्या भाषेत टॉपच्या आत, खोचली. मुलीला ताकीद दिली होती की आजोबांना काही शोधून द्यायचं नाही.

गेट वाजलं. अण्णा सवयीने उठले, शेडकडे गेले, कडी ओढून पाहिली. कुलूप पाहिलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं. रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना कळेना, तेव्हा त्यांनी ते पाठीमागे बांधले.

"अण्णा, इकडे या. तुमची खुर्ची आहे."

ते आले. अवघडून खुर्चीच्या टोकावर बसले. मी साहेबांना म्हटलं, हे माझे वडील. एवढं वाक्य इंग्रजीत बोलायला मला एकोणचाळिसावं वर्ष उजाडावं लागलं.

साहेब उठून उभे राहिले. हात मिळवायची अजून बंदी होती, म्हणून त्यांनी छातीला हात लावला. आयरिश माणूस समोरच्याची चौकशी केल्याशिवाय राहत नाही. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि थेट अण्णांनाच विचारलं, तुम्ही स्वतः काय करत होता? मी दुभाषी म्हणून तोंड उघडलं. साखर कारखाना, टाइम ऑफिस, क्लार्क, हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं.

अण्णा खाकरले. मी गप्प बसले, लहानपणी बसायची तशी. चारचौघांत शेवटी बोलायचं, असं मला जन्मभर शिकवणारा माणूस पहिला बोलला, आणि इंग्रजीत बोलला.

"आय मेड डॉक्टर," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

साहेब म्हणाले, "अँड यू मेड अ ग्रँड जॉब ऑफ इट." अण्णांना त्यातलं ग्रँड कळलं. तो शब्द त्यांनी दीड वर्षात पुरेसा ऐकला होता. त्यांनी मान हलवली, खुर्चीत मागे सरकून नीट टेकून बसले, कपातला चहा बशीत ओतला आणि साहेबांच्या समोर जोरात फुंकर मारली.